पेटीतली लाल पगडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लालाजींचं किराणा दुकान होतं. डाळींच्या पोत्यांवर एक सुतळी ताणलेली असे आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी कॉमिक्स लावलेली असत. एका दिवसाचं भाडं चार आणे, जाड डायजेस्ट असलं तर आठ आणे. लालाजी वहीत नाव लिहून घेत, आणि परत आणलेल्या पुस्तकाचं पान फाटलेलं निघालं तर पुढचे आठ दिवस आपलं नाव त्या वहीत लिहिलं जात नसे. ऐंशीच्या दशकाची ही सुरुवात. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच घरी होता. उन्हाळ्याच्या सगळ्या दुपारी आम्हा मुलांचा जीव त्या सुतळीला टांगलेला असे.

आमच्याकडे कॉमिक आणायचं काम नानांचं. नाना म्हणजे माझे आजोबा. सकाळी भाजी आणायला गेले की येताना पिशवीत दुधी आणि कोथिंबिरीच्या जुडीमध्ये एक कॉमिक खोचलेलं असे. त्यामुळे कॉमिकमधल्या चाचा चौधरींना माझ्या डोक्यात अजून कोथिंबिरीचा वास आहे. आईला ते फारसं पसंत नव्हतं. घरात मराठी टिकायला हवं, हा तिचा ध्यास. पुण्याहून पोस्टानं येणारे दिवाळी अंक, महाराज बाड्याच्या चौकातल्या वाचनालयातली मराठी पुस्तकं, हे तिचं जग. नानांनी त्यावर तोड काढली होती. ते हिंदी कॉमिक मला मराठीत वाचून दाखवत. पुस्तक हातात हिंदी, तोंडातून येणार मराठी, आणि मधे एका क्षणाचाही अडथळा नाही. चाचांच्या धिप्पाड साबूला ते घशातून खोल आवाज देत, त्यांच्या बायकोला, चाचीला, माझ्या आजीचा. "चाचाजी" चं "काका" होई. मी सातव्या वर्षी स्वतः हिंदी वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या चौधरीकाकांना कुणीतरी हिंदीत नेलंय.

आणि ती पगडी. नानांचे वडील शिंदे सरकारच्या नोकरीत कारकून होते. त्यांची लाल पगडी घरातल्या पत्र्याच्या पेटीत, कापरासकट, मलमलीत गुंडाळून ठेवलेली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती बाहेर निघे. मांढरेच्या मातेच्या देवळाकडे शमीपूजनाला जाण्याआधी नाना ती घालून देवापुढे उभे राहत. मी सहा वर्षांची असताना त्या दिवशी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओरडलेच, "चौधरीकाका!" पांढरी भरघोस मिशी, लाल पगडी, अंगात बंडी. नाना क्षणभर थांबले, मग कोपऱ्यातली काठी उचलून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. खरं तर दोन्ही डोक्यांवरच्या वस्तूंत काही साम्य नाही. शिंदेशाही पगडी आधीच बांधून ठेवलेली, घट्ट आणि टोकदार. चाचांचा फेटा पंजाबी थाटाचा, ऐसपैस गुंडाळलेला. पण सहा वर्षांच्या मुलीला लाल रंग पुरतो.

चाचा चौधरी काढणाऱ्या प्राण यांचा आणि आमच्या गावाचा काही संबंध आहे हे मला त्यांच्या मृत्यूच्या बातमीतून कळलं. ऑगस्ट २०१४. ते पाच तारखेला गुडगावच्या रुग्णालयात कर्करोगानं गेले होते. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी पेपर उघडला, आणि चौकटीतल्या परिचयात एक ओळ होती, की फाळणीनंतर त्यांचं कुटुंब ग्वाल्हेरला आलं होतं. ती ओळ मी परत परत वाचली. इतकी वर्षं मी त्यांना दिल्लीचे समजत होते.

प्राणकुमार शर्मा जन्मले कसूरला, १५ ऑगस्ट १९३८ रोजी. लाहोरजवळचं हे गाव आपल्या स्वयंपाकघरात रोज असतं, कारण कसुरी मेथीला नाव त्याचंच. १५ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, हा मुलगा नऊ वर्षांचा झाला, आणि त्याचं गाव नव्या सीमेच्या पलीकडे गेलं. हे गणित करायला मला कागद लागला नाही, पण त्यापुढे मला काही सुचेना. नऊ वर्षं म्हणजे चौथीतला मुलगा. माझ्या वर्गात असे चाळीस बसतात.

नाना सांगत, त्या काळात पंजाब आणि सिंधमधून आलेली कुटुंबं ग्वाल्हेरच्या वस्त्यांतून जागा शोधत फिरत होती, आणि गल्लीतल्या बायका पाण्याच्या नळावर नवी भाषा ऐकत होत्या. त्यांतल्याच एका घरातला मुलगा पुढे आपल्या नातीला हसवणार आहे हे नानांना कळायला मार्ग नव्हता. ते प्राण यांच्या कितीतरी आधी गेले. ही बातमी मला त्यांना वाचून दाखवायची होती. मराठीत.

मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. तरुणपणी त्यांनी दिल्लीत कॅम्प कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांतून राज्यशास्त्रात एम. ए. केलं. कॅम्प कॉलेज म्हणजे पंजाब विद्यापीठानं निर्वासितांसाठी काढलेलं कॉलेज. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही त्यांनी केला. चित्रकलेचा शिक्षक होण्याची वाट त्यांच्यासमोर होती, म्हणजे माझीच वाट. ती सोडून १९६० साली ते दिल्लीच्या 'मिलाप' वर्तमानपत्रासाठी चित्रपट्टी काढायला लागले. तिचं नाव 'डब्बू'. एक पोरगेला नायक आणि त्याच्यासोबत एक प्रोफेसर.

तेव्हा या धंद्यात भारतीय माणसानं उतरणं किती अवघड होतं, हे आज चटकन ध्यानात येत नाही. वर्तमानपत्रांना परदेशी पट्ट्या तयार मिळत. एकच पट्टी जगभर शेकडो पेपरांत जायची, म्हणून प्रत्येकाला ती स्वस्तात पडायची. इथला चित्रकार रोज नवा विनोद, नवं चित्र, नवी मजुरी मागणार. संपादकानं त्याला पैसे द्यायचे म्हणजे तयार माल बाजूला ठेवून घरी दळायला बसायचं. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि वेताळ, मॅन्ड्रेक हे परदेशी नायक घराघरांत पोचले. वेताळ तर मराठीतही आला. मलाही तो आवडायचा, आणि त्याची खोपडीची अंगठी मी वहीत कितीदा तरी काढली आहे. पण वेताळ आमच्या गल्लीत राहू शकला नसता. त्याला जंगल लागतं, गुहा लागते.

सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकात प्राण यांनी एक म्हातारा आणला. मला ही गोष्ट अजून थक्क करते. समोर घट्ट कपड्यांतले, पिळदार दंडांचे नायक असताना ज्याच्या भरवशावर आपला संसार चालवायचा तो नायक म्हणून त्यांनी एक बुटका, मिशीवाला, काठी टेकत फिरणारा आजोबा निवडला. त्याचं शस्त्र काय, तर डोकं. संगणकापेक्षाही जलद चालणारं. संगणक म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणी पाहिलंही नव्हतं, पण ते वाक्य पाठ सगळ्यांना. दंडाचं काम त्यांनी साबूला दिलं. साबू गुरू ग्रहावरून आला, चाचीच्या हातचं खाल्लं आणि इथेच राहिला. त्याला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. ताकद आहे, पण ती घरातल्या म्हाताऱ्याचं ऐकते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात जे व्हायला हवं असं प्रत्येक म्हाताऱ्याला वाटतं, ते चाचांच्या घरी रोज घडत होतं. त्याशिवाय राकेट नावाचा कुत्रा, आणि डाकू राका, जो वैद्य चक्रमाचार्यांचं औषध पिऊन अमर झालेला. मरत नाही, म्हणून त्याला दरवेळी नव्या युक्तीनं अडकवायचं. विनोद लिहिणाऱ्यासाठी न मरणारा खलनायक म्हणजे न संपणारं धान्याचं कोठार.

मी चित्रकला शिकले तेव्हा एका प्राध्यापकांनी माझ्या वहीतलं असलं चित्र पाहून वही बंद केली होती आणि म्हणाले होते, हे करायचं तर इथे कशाला आलात. मी गप्प बसले. आज बसले नसते. आज मी त्यांच्यासमोर प्राण यांचं एक पान उघडलं असतं.

त्या पानाविषयी मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण प्राण यांची रेषा साधी आहे असं म्हणून लोक पुढे जातात. पानावर पाच-सहा चौकटी. मागे भिंत दाखवायची तर चार विटा, बस. बाकीची भिंत वाचणाऱ्यानं आपापल्या घरून आणायची. माणसं बहुतेक पूर्ण उभी, पायापासून डोक्यापर्यंत. रंग सपाट. पहिलीत शिकणाऱ्या मुलालाही कोण बोलतंय आणि कुणाला मार बसतोय हे अक्षर न वाचता कळतं. आमच्या गल्लीत अशी मुलं होती, ज्यांना वाचता येत नव्हतं आणि जी आमच्या खांद्यावरून पाहत हसायची. ती आमच्या आधी हसायची.

आता त्यांचे चेहरे पाहा. चित्रकाराकडे भाव दाखवायला दोन मोठी साधनं, डोळे आणि तोंड. बिल्लू हा प्राण यांचा आणखी एक नायक, पोरगेला. त्याचे डोळे त्यांनी केसांखाली झाकून टाकले. एकदाही दिसत नाहीत. म्हणजे त्या मुलाची भीती, लबाडी, फजिती, सगळं तोंडाच्या एका रेषेतून आणि खांद्यांच्या बाकातून आणायचं. चाचांचं उलट. त्यांचं तोंड बरंचसं मिशीत गेलेलं, म्हणून तिथे काम भुवयांनी आणि काठीनं करायचं. काठी जमिनीवर टेकलेली असली की काका विचारात, वर उचललेली असली की उत्तर सापडलं. पिंकी या छोट्या नायिकेला त्यांनी कुटकुट नावाची खार दिली. पाच वर्षांच्या मुलीच्या मनात काय चाललंय ते खारीच्या उड्यांवरून कळतं, आणि शेजारच्या झपटजींच्या हालांवरून. स्वतःचंच एकेक साधन काढून घ्यायचं आणि उरलेल्यावर निभावायचं, हे ज्याला जमतं त्याला रेषा येत नाही असं कोण म्हणेल? मी ट्रेसिंग पेपर ठेवून बिल्लूची एक चौकट उतरवली आहे. घाबरलेला बिल्लू. तोंडाची रेषा जरा वर गेली तर तो हसायला लागतो. केसाएवढा फरक.

घरी आईच्या दिवाळी अंकांमुळे व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची मुखपृष्ठंही माझ्यासमोर होती. तेही ज. जी. तूनच शिकलेले. त्यांच्या चित्रात शब्द नाही, एकच क्षण, आणि त्या क्षणात सगळं. प्राण यांना क्षण पुरत नाही, त्यांना गोष्ट लागते. आधी काय झालं, मग काय होणार. फडणीस पाहून आपण गालात हसतो आणि चित्राकडे परत पाहतो. प्राण वाचून आपण पान उलटतो. मला दोन्ही हवे असत, आणि हिंदी मुलखात मराठी घरात वाढल्यामुळे दोन्ही मिळाले, हे माझं मोठं भाग्य आहे.

काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या भिंतीपत्रकासाठी दर सोमवारी एक पान विनोदी चित्रकथा काढायचं ठरवलं. पहिले चार आठवडे उत्साहात गेले. पाचव्या आठवड्यात मी बसमध्ये, भाजी निवडताना, अंघोळीला जाताना विनोद शोधत होते. सहाव्याला रविवारी रात्री अकरा वाजता कोरा कागद समोर होता. सातव्या आठवड्यानंतर मी थांबले. त्या रात्री मला प्रथमच १९६० आणि २०१४ हे आकडे नीट दिसले. चोपन्न वर्षं. त्यात घरी आजारपण आलं असेल, वीज गेली असेल, मन लागलं नसेल, आणि तरी दर अंकाला काकांनी काठी उचलायची. डब्बू, श्रीमतीजी, बिल्लू, पिंकी, मध्यमवर्गीय कारकून रमण, चन्नी चाची, प्रत्येकाचं घर वेगळं, प्रत्येकाचा विनोद वेगळा. मूड आला की चित्र काढणाऱ्याला हे जमणार नाही. त्याला दुकान उघडण्याची शिस्त लागते. लालाजी जसे रोज सकाळी फळ्या काढत, तशी.

ऐंशीच्या दशकात डायमंड कॉमिक्सनं या पात्रांची पुस्तकं काढली आणि ती स्टेशनवरच्या स्टॉलपासून आमच्या लालाजींच्या सुतळीपर्यंत सगळीकडे गेली. ग्वाल्हेरच्या मेळ्यात तर जमिनीवर चादर पसरून ढीग लावलेले असत. थंडीत शाल पांघरून, गजक खात, मी तिथे उकिडवी बसून जमेल तेवढं वाचून घेत असे. १९८३ मध्ये राष्ट्रीय एकात्मतेवरचं त्यांचं 'रमण : हम एक हैं' इंदिरा गांधींच्या हस्ते प्रकाशित झालं. ज्या मुलाचं गाव धर्माच्या नावावर ओढलेल्या रेषेपलीकडे गेलं, त्यानं हे पुस्तक काढलं. त्यांच्या पानांत मी कडवटपणा शोधून पाहिला. चोर आहेत, डाकू आहेत, भेसळ करणारे आहेत. पण अमक्या जातीचा म्हणून, अमक्या धर्माचा म्हणून वाईट, असा माणूस मला तरी तिथे भेटला नाही. ते त्यांनी ठरवून केलं असावं असं मला मनापासून वाटतं.

मॉरिस हॉर्न यांच्या कॉमिक्सच्या जागतिक कोशात त्यांना भारताचे वॉल्ट डिस्ने म्हटलं आहे. गौरव म्हणून ठीक. मला तो शब्द बसत नाही. डिस्नेंच्या मागे स्टुडिओ होता, सिनेमा होता, तिकीट काढून आत जायची नगरी होती. प्राण यांचा सगळा डोलारा कागद, शाई आणि चार आण्यांच्या भाड्यावर उभा होता. १९९५ मध्ये लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सनं नोंद घेतली, २०१५ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ती हयातीत मिळायला हवी होती. पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य आणि चोपन्न वर्षांचं काम पुरेसं होतं त्यासाठी. २०२१ मध्ये चाचा चौधरींना गंगा स्वच्छतेच्या मोहिमेचं शुभंकर नेमलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, मॅडम, ये बाबा कौन हैं? मी त्यांना सांगायला सुरुवात केली आणि तास संपला.

लालाजींच्या दुकानात आता त्यांचा नातू मोबाईलचं सामान विकतो. सुतळीच्या जागी चार्जरच्या वायरी लोंबतात. त्यानं मला ती जुनी भाड्याची वही दाखवली होती. नानांचं नाव तिच्यात मोडीवळणाच्या देवनागरीत आहे, बहुतेक त्यांनी लालाजींच्या हातून पेन घेऊन स्वतःच लिहिलेलं.

या दसऱ्यानंतर मी पेटीतली पगडी वर्गात नेली. एका बाजूनं कसर लागली आहे, लाल रंग विटकरी झाला आहे. टेबलावर ठेवली आणि मुलांना सांगितलं, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला सहा चौकटींत काढा. पण ते माणूस काय करतं ते आधी दोन दिवस नीट बघा, मगच काढा. पेन्सिल नंतर.

शुक्रवारी वह्या आल्या. एका मुलानं त्याच्या दादीला काढलं होतं. पहिल्या चौकटीत दादी खाटेवर बसून मटार सोलते आहे. दुसरीत बकरी येते. तिसरीत दादी बकरीला काहीतरी समजावून सांगते आहे, हात वर करून. चौथीत बकरी आणि दादी दोघी मटार खातात. पाचवीत दादी झोपली आहे आणि बकरी राखण करते आहे. मागे भिंत म्हणून त्यानं चार विटा काढल्या होत्या. मी त्याला त्या सांगितल्या नव्हत्या. सहावी चौकट कोरी होती.

"हे राहिलं का रे?" मी विचारलं. मी वर्गात मधेच मराठी बोलते, मुलांना सवय आहे.

"नहीं मॅडम," तो म्हणाला, "दादी अभी सोई हुई थीं। उठेंगी तो देखूँगा।"